लॅपटॉप देऊन टाकण्याआधी

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा यंदा अकरावीत गेला. माझा जुना लॅपटॉप त्याला देते म्हणून मी बोलून बसले आणि मग आठवलं, त्यात पार्ल्यातल्या आमच्या अर्ध्या सोसायटीचे पॅन, आधार आणि फॉर्म १६ आहेत. मी घरून लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न्स भरते.

फोल्डर डिलीट केले, रिसायकल बिन रिकामा केला. भाचा म्हणाला, "आत्या, थांब जरा." त्याने फुकटातलं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांचा फॉर्म १६ पुन्हा पडद्यावर! हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे खालच्या पाटीवरचं नाव पुसणं. माणूस खोलीतच असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फाइल तिथेच.

आधी हवं ते पेन ड्राइव्हवर घ्या आणि ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन (सही ठेवलेला, पेन ड्राइव्हसारखा दिसणारा तुकडा) यूएसबीला लटकलेलं नाही ना, तेही पाहा. (माझं होतं.)

वनड्राइव्हच्या फोल्डरमधलं हाताने काही उडवू नका. तिथून उडवलं की क्लाउडवरून आणि फोनवरूनही जातं. क्रोममध्ये सिंक (सगळ्या उपकरणांवर तेच पासवर्ड ठेवणारी सोय) चालू असताना पासवर्ड पुसले तरी तेच. म्हणून पुसायचं नाही, फक्त साइन आउट करायचं. व्हॉट्सॲप फोनवरच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून बंद करा.

आता खरं काम. चार्जर लावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पुढे 'चेंज सेटिंग्ज' अशी बारीक अक्षरांतली लिंक येते. घाईत तीच सुटते, आणि सगळी गोम तिथेच आहे. आत 'क्लीन डेटा' चालू करा, म्हणजे डिस्कवर नवं लिहून जुनं झाकलं जातं. त्याच पानावर सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली काढायच्या का, असंही विचारतात. तिथे 'येस' करा, नाहीतर फक्त सी ड्राइव्ह साफ होतो. आपण मराठी माणसं सगळं जपून ठेवतो ते डी ड्राइव्हवर!

याला काही तास लागतात. मी रात्री लावून झोपले.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर वरून लिहिण्यावर पूर्ण भरवसा नको. ती कोणत्या कप्प्यात लिहायचं ते स्वतःच ठरवते. डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा. मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून घरीच ठेवा, नवी लॅमिंग्टन रोडवर मिळते.

शेवटी, रीसेट संपून देश निवडायचं पान आलं की तिथेच बंद करा, स्वतःचं खातं घालू नका. मुलगा त्याचं घालेल. चार्जर मात्र आठवणीने द्या, मी तो द्यायला दुसऱ्या दिवशी खाली उतरले.