ऑफिसात निसर्ग आणायचाय? मग कुंड्या सगळ्यात शेवटी घ्या

मी पुण्यात ऑफिसांची इंटिरियरची कामं करते आणि जवळजवळ प्रत्येक क्लायंट पहिल्याच मीटिंगला म्हणतो, मॅडम जरा ग्रीन ग्रीन करा ना, म्हणजे रिसेप्शनच्या मागे एक हिरवी भिंत, भिंतभर उभी लावलेली झाडं, आणि कोपऱ्यात चार कुंड्या. माझं म्हणणं एवढंच की आधी उजेड बघा, मग हवा, मग बसल्या जागेवरून बाहेरचं काय दिसतं ते, आणि झाडं त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की पैसेही जातात आणि झाडंही मरतात, आणि मेलेली झाडं मला खरंच बघवत नाहीत.

तर पहिलं काम, प्लॅन काढायच्या आधी रिकाम्या जागेत एक पूर्ण दिवस बसा. सकाळी १० ला, दुपारी १ ला आणि ४ ला ऊन कुठपर्यंत आत येतं ते फरशीवर खडूने मार्क करा, आणि ४ वाजता पश्चिमेच्या काचेला हात लावून बघा. उत्तरेचा उजेड कामाला सगळ्यात चांगला. दक्षिणेचं ऊन थंडीत तिरकं होऊन आत घुसतं, डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच असतो. मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, होऊन गेला की जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, पण तो इतका डोक्यावर की छोटा छज्जा पुरतो. खरा त्रास पश्चिमेचा, तिथे बसणाऱ्याला विचारा.

आता लेआउट, इथे वाद होतात. आपल्याकडे खिडकीची सगळी जागा केबिनला जाते, साहेब अर्धा दिवस बाहेर, केबिनचा पडदा ओढलेला, आणि अकाउंट्सची माणसं दिवसभर ट्यूबलाइटखाली भिंतीकडे तोंड करून. हे उलटं करा, केबिन आतल्या बाजूला घ्या आणि त्यांना काचेचं पार्टिशन द्या, खिडकीलगतची पट्टी रोजच्या टेबलांना द्या. ढोबळ हिशोब असा की खिडकीची वरची कड जेवढी उंच त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड जातो, म्हणजे ७ फुटांची कड असेल तर साधारण १४ फूट. म्हणून फॉल्स सीलिंग खिडकीजवळ खाली आणू नका हो, सगळा उजेड तिथेच अडतो! आणि टेबलं खिडकीला काटकोनात लावा, स्क्रीनवर चकाकी आली की माणूस पहिल्या आठवड्यात ब्लाइंड बंद करतो आणि ते पुन्हा कधीच उघडत नाही.

साहेब ऐकत नसतील तर मी त्यांना संशोधक रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास सांगते. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले काही पेशंट असे होते की खिडकीतून झाडं दिसायची आणि काहींना समोर नुसती विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागले. हॉस्पिटल आणि ऑफिस वेगळं हे मान्य, पण खिडकीबाहेर काय दिसतं याचा शरीरावर परिणाम होतो हे त्यातून कळतं.

आणि ही काही परदेशी फॅशन नाही. आपल्या वाड्यातला चौक काय होता, घराच्या मधोमध उजेड, वारा, पाऊस आणि तुळस, आणि भोवती ओसरी, जिथे बसून हिशोबसुद्धा लिहायचे. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी पुण्यातच जन्मले, त्यांचं अहमदाबादचं स्वतःचं ऑफिस, संगथ, जमलं तर बघून या. अर्धवट जमिनीत घेतलेल्या खोल्या, वर गोल कमानी छतं, त्यावर पांढऱ्या फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची मोझेक म्हणजे ऊन परत फेकलं जातं, आणि पावसाचं पाणी त्या छतांवरून पन्हळीतून खाली बागेत. बांधकामानेच निसर्ग आत घेतलाय, कुंडी हा त्यातला लहानसा भाग.

भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर चौक कुठून आणायचा, बरोबर आहे. मग पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून द्या, बांबूची चिक म्हणजे काड्यांचा पडदा, किंवा छज्जा, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की आतला ब्लाइंड ते परत पाठवू शकत नाही, उष्णता आतच राहते. बंगल्यात ऑफिस असेल तर नशीबवान, पश्चिमेला बहावा किंवा ताम्हण लावा, भिंतीपासून लांब, एप्रिल-मेमध्ये ऐन उन्हात फुलतात आणि काम करता करता मान वर केली की तेच दिसतं.

हवेचं एक लक्षात ठेवा, साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, तीच हवा थंड करून फिरवतो. दुपारी मीटिंग रूममध्ये सगळ्यांना पेंग येते ना, त्यात जेवणाइतकाच साचलेल्या हवेचा हात असतो. उघडणाऱ्या खिडक्या सील करू नका, जाळी बसवा, मीटिंग संपली की १० मिनिटं उघडा, आणि समोर मोठा रस्ता असेल तर ट्रॅफिक वाढायच्या आधी सकाळी उघडा.

आता झाडं! नासाने सांगितलंय झाडं हवा शुद्ध करतात, हे सगळेच ऐकवतात. तो १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला होता, खऱ्या ऑफिसात हवा सतत बदलत असते, तिथे दहा कुंड्यांनी हवेत मोजण्याइतका फरक पडत नाही. झाडं लावा ती बघायला आणि हात लावायला. खिडकीपासून लांब स्नेक प्लांट, झीझी, मनी प्लांट, जरा उजेडात अरेका पाम आणि पीस लिली. एसीचा झोत थेट पानांवर नको, अरेकाची टोकं तपकिरी होतात.

ऑफिसातली झाडं पाण्यावाचून कमी आणि जास्त पाण्याने जास्त मरतात. हाउसकीपिंगच्या मावशी रोज प्रत्येक कुंडीत मग्गाभर ओततात, कारण कोणी त्यांना नीट दाखवलेलंच नसतं. मी त्यांच्याबरोबर उभी राहून दाखवते, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओलं लागलं तर आज नाही. झीझीला तर दोन आठवडे दिलं नाही तरी चालतं. एका मावशींनी नंतर स्वतःच कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली, त्या ऑफिसातली झाडं आजही छान आहेत. आणि कुंडीखालच्या बशीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून बशी घासा, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो.

हिरवी भिंत मी सहसा टाळायलाच सांगते. सुरुवातीला एका ऑफिसात केली होती, ड्रिपचा पंप मेन स्विचवर होता, शनिवारी संध्याकाळी सगळं बंद करून लोक जायचे, त्यात लाइट कमी, महिन्याभरात वरच्या दोन ओळी वाळल्या. करायचीच तर पंपाला वेगळी लाइन, ग्रो लाइट म्हणजे झाडं वाढवायचे खास दिवे, आणि माळ्याचा महिन्याचा खर्च आधी धरा. गच्चीवर बाग करायची असेल तर ओली माती एका घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरते, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय एक पोतंही वर नेऊ नका.

प्लास्टिकचं गवत आणि जंगलाचा वॉलपेपर नको. त्याच पैशात एक शहाबादी किंवा कोट्याची फरशी, बांबूचं पार्टिशन, खरं लाकूड दिसणारं एक टेबल येतं, ज्याला हात लावला की गार किंवा खरखरीत लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत काय, हे दरवर्षी विचारतात. सगळ्या कुंड्या उजेडाच्या खिडकीजवळ एकत्र आणा पण थेट उन्हात नको, बंद झाकणाची पाण्याची बाटली शेजारी जरा उंचावर ठेवा, झाकणाला भोक पाडून सुती दोरी ओवा, एक टोक बाटलीच्या तळाशी आणि दुसरं मातीत दोन इंच आत, दोरी आधी भिजवून घ्या. पाच-सहा दिवस आरामात निघतात.