फिल्टरची बाटली असूनही पोट बिघडतं? ट्रेकला जाताना या चुका टाळा

राजगडावर, हरिश्चंद्रगडावर आता बऱ्याच जणांच्या सॅकला फिल्टरची बाटली अडकवलेली दिसते. चांगलंच आहे, घरून चार-पाच लिटर पाणी वाहून न्यावं लागत नाही. पण तीच मंडळी बाटली झाकणासकट टाक्यात बुडवतात आणि वर काढून लगेच तोंडाला लावतात. मला सगळ्यात जास्त काळजी याच चुकीची वाटते. पाणी आतल्या फिल्टरमधून येतं खरं, पण ओठ लागतात ते बाहेरच्या तोटीला आणि तिच्यावर टाक्यातलंच कच्चं पाणी असतं. झाकणाच्या आट्यांमध्येही ते साचून राहतं. म्हणून झाकण आधी काढून कोरड्या जागी ठेवा, पाणी वेगळ्या भांड्याने भरा, बाटलीचा काठ पुसा आणि मगच झाकण लावा. कच्च्या पाण्याचं भांडं पिण्यासाठी अजिबात वापरू नका.

दुसरी चूक म्हणजे कुठलंही पाणी या बाटलीने शुद्ध होतं असं समजणं. यातल्या बारीक नळ्यांच्या फिल्टरची छिद्रं साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. जुलाबाचे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यात अडकतात. काविळीचे विषाणू मात्र जेमतेम ०.०३ मायक्रॉनचे, ते सरळ पार होतात. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूची होती. शिवाय कावीळ दिसायला दोन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्यामुळे 'मी तर तेच पाणी प्यायलो, काही झालं नाही' असं दुसऱ्या दिवशी म्हणण्यात अर्थ नसतो.

गावाखालचा ओढा, नदी किंवा गर्दीच्या गडावरचं टाकं असेल, तर फिल्टरनंतर क्लोरीनची गोळी किंवा थेंब टाका आणि किमान अर्धा तास थांबा. किती टाकायचं ते पाकिटावर पाहा. हाच क्रम ठेवा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. सरपण किंवा गॅस असेल तर उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. तीन मिनिटांचा नियम २,००० मीटरच्या वरचा आहे आणि आपलं कळसूबाईच १,६४६ मीटर आहे.

खत, फवारणीची औषधं, क्षार यांच्यासाठी मात्र या नळ्यांचा उपयोग नाही. शेताच्या बांधालगतचं साचलेलं पाणी घेऊच नका. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. ते उकळूनही जात नाही, उलट पाणी आटलं की आणखी दाट होतं. टीडीएस मीटरचा आकडा कमी आला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही, ते मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं.

पाणी येईनासं झालं की लोक बाटली जोरजोरात दाबतात. तसं करू नका, फिल्टर फाटू शकतो. आत गाळ बसलेला असतो, तो काढायला स्वच्छ पाणी पिचकारीने उलट्या दिशेने सोडा. गढूळ पाणी आधी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळलं, तर ही वेळ लवकर येत नाही. बरेच महिने पडून राहिलेला फिल्टर कोरडा झाल्यामुळेही अडतो. तो तासभर कोमट पाण्यात भिजवून पाहा.

घरी आल्यावर ओली बाटली सॅकमध्ये तशीच राहिली, तर पुढच्या ट्रेकला कुबट वास येतो. फिल्टर उलटा धुऊन, झटकून, झाकण उघडं ठेवून चांगले काही दिवस वाळू द्या.

हिमालयात जाणार असाल तर रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की नळ्या तडकतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि पाणी तर नेहमीपेक्षा जास्त धारेनं येतं. एकदा गोठलेला फिल्टर पुन्हा वापरू नका, नवा घ्या.