नव्या करारातील ‘अनोमिया’ या शब्दाचा अभ्यास कसा करावा

नाशिकमध्ये शरणपूर रोड असो की नाशिकरोड, घरोघरी भरणाऱ्या बायबल अभ्यासात ग्रीक जाणणारा माणूस क्वचितच भेटतो. तरीही ‘अनोमिया’ या ग्रीक शब्दाचा अभ्यास आपल्याला नीट करता येतो, कारण आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रीक संहितेत तो नव्या करारात केवळ १५ वेळा येतो आणि एवढी वचने एका बैठकीत वाचून होतात. मोबाइलवरच्या एखाद्या इंटरलीनियर बायबलमध्ये, म्हणजे मूळ ग्रीक ओळीखाली शब्दशः भाषांतर देणाऱ्या बायबलमध्ये, स्ट्राँगच्या कोशातील (यात प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिलेला असतो) ४५८ हा क्रमांक शोधला की ती सगळी समोर येतात. मराठी शब्दावरून शोध घेऊ नये. मराठीत या एकाच शब्दासाठी कुठे स्वैराचार, कुठे अनाचार, तर कुठे अनीती असे शब्द योजलेले आहेत. शरणपूरसारख्या, १८५४ साली मिशनने वसवलेल्या वस्तीशी नाते सांगणाऱ्या घरांत आजोबांच्या काळचे बायबल अजून जपलेले असेल, तर तेही बैठकीला आणावे. जुने आणि नवे भाषांतर कुठे वेगळे होते, हे पाहिले की नेमके कुठे थांबायचे ते आपोआप कळते.

शब्दाची फोड सोपी आहे: ‘नोमोस’ म्हणजे नियम, आणि आधीचा ‘अ’ अभाव दाखवणारा, आपल्या ‘अनीती’तल्यासारखाच. पण या फोडीवर अर्थ उभा करू नये. बहुतेक गटांची गाडी इथेच रुळावरून घसरते: कोणीतरी ‘नियमशास्त्र (मोशेद्वारे दिलेल्या आज्ञा) मोडणे’ असा अर्थ सांगतो, दुसरा ‘आपण तर नियमशास्त्राखाली नाही’ असे उत्तर देतो, आणि उरलेला वेळ त्या वादात जातो.

त्यापेक्षा मत्तयापासून सुरुवात करावी. चार शुभवर्तमानांपैकी हा शब्द एकट्या मत्तयात आहे: ७:२३, १३:४१, २३:२८ आणि २४:१२. पहिल्या ठिकाणी येशू ज्यांना दूर लोटतो, त्यांनी त्याच्याच नावाने संदेश दिला होता, भुते काढली होती, महत्कृत्ये केली होती. २३:२८ मध्ये तो शास्त्री व परूशी यांना आतून ढोंगाने आणि अनोमियाने भरलेले म्हणतो, म्हणजे नियमशास्त्राच्या रखवालदारांनाच. तोच अध्याय थोडा मागे, २३:२३ पर्यंत वाचावा. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश काटेकोरपणे देणारी ही माणसे न्याय, दया आणि विश्वास या नियमशास्त्रातील मुख्य गोष्टी सोडून देतात, असा तिथला आरोप आहे. म्हणजे मत्तयाच्या लेखी नियमांची यादी तोंडपाठ असूनही माणूस अनोमियात असू शकतो. २४:१२ मध्ये अनोमिया वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंडावेल असे म्हटले आहे, आणि २२:४० प्रमाणे सगळे नियमशास्त्र प्रीतीच्याच दोन आज्ञांवर अवलंबून आहे. ही दोन वचने शेजारी ठेवून वाचावीत.

इथे एक छोटी तुलना अवश्य करावी. मत्तय ७:२३ चेच वाक्य लूक १३:२७ मध्ये जवळजवळ तसेच येते, पण लूक तिथे ‘अदिकिया’, म्हणजे अन्याय, हा शब्द वापरतो. दोघांच्या मागे सहाव्या स्तोत्राचा ८ वा चरण आहे, आणि त्याच्या ग्रीक भाषांतरात अनोमिया हाच शब्द आहे.

जुन्या कराराच्या या ग्रीक भाषांतराकडे, म्हणजे सेप्टुअजिंटकडे, दुर्लक्ष करून चालणार नाही. स्तोत्र ५१ मधील २ रे व ३ रे वचन घ्यावे: हिब्रूमध्ये एकीकडे ‘आवोन’, म्हणजे दोष किंवा वाकडेपणा, आणि दुसरीकडे ‘पेशा’, म्हणजे बंड, असे दोन वेगळे शब्द आहेत; ग्रीक भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी अनोमिया लिहिले. नव्या कराराच्या लेखकांच्या कानात हा भरलेला अर्थ होता. रोमकरांस ४:७ मध्ये ३२ वे स्तोत्र उद्धृत करताना पौलाने तो अनेकवचनी ठेवला आहे. तिथे अर्थ कृत्यांचा आहे. ६:१९ मध्ये तोच शब्द एकवचनी येतो आणि तिथे तो माणसाला दास करून ठेवणारी अवस्था दाखवतो. त्याच्या समोर नीतिमत्त्व उभे आहे. २ करिंथकरांस ६:१४ आणि इब्री लोकांस १:९ मध्येही हीच जोडी आहे.

१ योहान ३:४ साठी मात्र सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. ‘पाप म्हणजे अनोमिया’ असे तिथले विधान आहे आणि ते सहसा मोशेच्या आज्ञांशी जोडले जाते. गटाला या पत्रात ‘नोमोस’ शोधायला सांगावे: तो संपूर्ण पत्रात एकदाही नाही. उलट २:१८ मध्ये ख्रिस्तविरोधक आहेत आणि ३:८ मध्ये सैतानाची कृत्ये आहेत. म्हणून देवाविरुद्ध घेतलेला बंडाचा पवित्रा हा अर्थ मला इथे अधिक सुसंगत वाटतो.

जवळच्या ‘अनोमोस’ या विशेषणाबाबत सावध राहावे. १ करिंथकरांस ९:२१ मध्ये ते नियमशास्त्र न मिळालेल्या परराष्ट्रीयांसाठी आले आहे, त्यात दुष्टपणाचा ठपका नाही; २ थेस्सलनीकाकरांस २:८ मध्ये मात्र तोच शब्द देवाच्या उघड शत्रूसाठी आहे.

२ थेस्सलनीकाकरांसच्या याच दुसऱ्या अध्यायातील तिसऱ्या वचनात दोन भाषांतरांत फरक दिसला, तर भाषांतरकाराला बोल लावू नये. सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत ‘अनोमियाचा पुरुष’ असे आहे, तर पुढच्या पुष्कळ हस्तलिखितांत ‘पापाचा पुरुष’ असे आहे. हा पुरुष म्हणजे आजचा कोणता पुढारी, ही चर्चा कोणी काढली, तर ती चहाच्या वेळेसाठी ठेवावी आणि सातव्या वचनाकडे वळावे, कारण पौल तिथे म्हणतो की अनोमियाचे रहस्य त्याच्या स्वतःच्याच काळात कार्य करू लागले होते.