शिक्षक भरतीचे आकडे वाचताना: माझ्या वहीतली काही पानं

डी.एड. झाल्यावर कित्येक वर्षं मी फक्त बातम्या जमवल्या. ‘राज्यात शिक्षकांची हजारो पदं रिक्त’ असं छापून आलं की कात्रण वहीत चिकटवायचं आणि वाट बघायची. 2 मे 2012 पासून भरती बंद होती, त्यामुळे 2017 मध्ये शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ, पवित्र पोर्टल, आलं आणि त्याच डिसेंबरात पहिली टेट झाली तेव्हा आता सगळं सुटलं असंच वाटलं. (नवख्यांसाठी: टीईटी ही पात्रता परीक्षा. टेट म्हणजे 200 गुणांची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. निवड टेटच्या गुणांवर होते, पण पहिली ते आठवीसाठी टीईटी हवीच.)

माझा समज उतरला तो एका जिल्हा परिषदेत. आस्थापनेच्या टेबलावर बिंदुनामावलीचा, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाला ते ठरवणाऱ्या तक्त्याचा (रोस्टरचा), गोषवारा उघडा होता. एकूण रकान्यात रिक्त पदं भरपूर. माझ्या प्रवर्गासमोर मात्र लाल शाईत उणे आकडा. आंतरजिल्हा बदलीने त्या प्रवर्गाचे शिक्षक त्याच्या वाट्याच्या पदांपेक्षा (बिंदूंपेक्षा) जास्त आले होते, म्हणजे जिल्ह्यात जागा होत्या आणि माझ्यासाठी एकही नव्हती. तिथल्या लिपिकभाऊंनी कागद माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, ‘‘ताई, बातमीतला आकडा बघू नका, रोस्टर बघा.’’

तेव्हापासून मी मंजूर, कार्यरत, रिक्त आणि अतिरिक्त असे चार वेगळे रकाने आखले.

मंजूर पद ठरतं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या मंजुरीत, आणि संचमान्यता उभी असते 30 सप्टेंबरच्या पटावर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. राज्याचे निकष याहून बारीक आहेत आणि 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने ते बदलले, म्हणून जुन्या संचमान्यतेवर विसंबून हिशेब मांडू नका. मंजुरीतून कार्यरत वजा केले की रिक्त पदं मिळतात, पण तीही लगेच भरतीला येत नाहीत. आधी अतिरिक्त, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्त ठरलेल्या शिक्षकांचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं, बदल्या होतात, मग बिंदुनामावली विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून येते. त्यानंतर कुठे पोर्टलवर जाहिरात. माझ्या पाहण्यात जास्तीत जास्त वेळ रोस्टर तपासणीतच जातो आणि नेमकी त्याचीच बातमी होत नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून प्रवर्गनिहाय गोषवारा मागा. मी तीन जिल्ह्यांचे मागवले होते. पोर्टलवर पसंतीचा प्राधान्यक्रम लॉक करण्याआधी त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कोणत्याही मार्गदर्शन वर्गाचा झाला नाही.

जाहिरातीतली सगळी पदं तरी भरतात का? 2023 च्या टेटनंतर मुलाखतीशिवायची 16,799 पदं होती. 25 फेब्रुवारी 2024 ला शिफारस झाली 11,085 जणांची. बाहेर हजारो मुलं थांबलेली असताना 5,714 पदं तशीच राहिली, कारण विषय, माध्यम, प्रवर्ग आणि समांतर आरक्षण (महिला, माजी सैनिक वगैरे) हे सगळं एका उमेदवारात जुळावं लागतं. तेव्हा जाहिरात उघडलीत की एकूण बेरीज सोडून द्या. आपला गट, आपलं माध्यम, आपला विषय, आपला प्रवर्ग या ओळीत बोट ठेवा आणि तिथे जेवढी पदं दिसतील तेवढीच स्वतःसाठी धरा. खासगी अनुदानित संस्थांची मुलाखतीसह पदं वेगळी असतात, त्यांना दुसरं पान ठेवा.

शिफारस म्हणजे नेमणूक नव्हे. कागदपत्र पडताळणी, समुपदेशनाने शाळा, रुजू होणं, मग शालार्थ आयडी, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक. तो मिळेपर्यंत पगार निघत नाही. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना 16,000 रुपये मानधन. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आता मी त्याच साखळीच्या पहिल्या टोकाला, वर्गात आहे. गेल्या सप्टेंबरात दुसरीतल्या एका मुलीचं आधार जुळेना. दाखल्यावर एक नाव, आधारवर ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. ती रोज वर्गात बसायची, पण संचमान्यतेत मोजली जाणार नव्हती. तिच्या आईला घेऊन दोनदा तालुक्याला गेले. 30 तारखेच्या दोन दिवस आधी तिच्या नावासमोर ‘वैध’ उमटलं, आणि मी वहीत पटाचा आकडा एकाने वाढवला.