प्रौढ वयात वाद्य शिकावे की सोडावे: निर्णय कसा घ्यावा

वाद्य शिकावे असे बहुधा एखादी रंगलेली मैफल ऐकून घरी परतताना वाटते, आणि सोडून द्यावे असे वाटते ते रियाज बिघडलेल्या संध्याकाळी. निर्णय घेण्यासाठी या दोन्ही वेळा वाईट आहेत. मी वयाच्या 43व्या वर्षी व्हायोलिन हाती घेतले, अडीच वर्षांनी सोडले आणि त्यानंतर काही काळाने पेटी शिकू लागले, ती आजही चालू आहे. व्हायोलिन सोडले ते योग्यच झाले असे आज वाटते. ज्या पद्धतीने सोडले ती मात्र चुकीची होती, आणि ज्या घाईने घेतले तीही. पुढील मजकूर त्या दोन चुकांमधून निघालेला आहे.

आधी वेळ, मग वाद्य

सुरुवात करण्यापूर्वी ‘मला जमेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा, कारण त्याचे उत्तर आरंभी कोणालाच देता येत नाही. त्याऐवजी दिवसातील नेमकी कोणती 20 मिनिटे या कामाला देणार, घरातील कोणत्या जागी बसणार आणि त्या वेळी ते बेसूर वाजवणे कोणाच्या कानावर पडणार, हे कागदावर लिहून काढावे. ‘वेळ मिळेल तसा करीन’ असे ज्यांचे उत्तर असेल, त्यांनी वाद्य विकत घेणे तूर्त लांबणीवर टाकावे. आठवड्यातून एकदा सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज थोडा वेळ बसणे अधिक फळते, कारण बोटांच्या हालचाली मध्ये गेलेल्या झोपेत पक्क्या होतात. काल अडखळत वाजलेली जागा आज सकाळी पहिल्याच प्रयत्नात सरळ निघते, हा अनुभव बहुतेक वादकांना असतो.

रोज 20 मिनिटे म्हणजे वर्षाला साधारण 120 तास होतात. येथे प्रावीण्यासाठी 10,000 तास लागतात म्हणणाऱ्या त्या प्रसिद्ध आकड्याने कोणी खचून जाऊ नये. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बर्लिनमधील संगीत अकादमीच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांची पाहणी होती, आणि त्यांतील सर्वांत सरस गटाने वयाच्या 20व्या वर्षापर्यंत केलेला रियाज सरासरी त्या आकड्याच्या आसपास भरला होता. तो हिशेब आपल्याला लावला तर 80हून अधिक वर्षे लागतील. आपल्याला व्यासपीठावर बसायचे नसून संध्याकाळी स्वतःपुरते चार सूर नीट लावायचे आहेत, हे ज्याला मनापासून मान्य असेल त्याच्यासाठी 120 तास पुष्कळ असतात. पेटीवर तेवढ्या वेळात काही सोप्या चाली स्वच्छ वाजू लागतात. व्हायोलिनवर तेवढ्यात माझे एक सप्तक कसेबसे सुरात आले होते.

कान पुढे, हात मागे

प्रौढ शिकाऊ माणसाची खरी अडचण वयाने ताठर झालेली बोटे नसून तयार झालेला कान असते, असे माझे मत आहे. लहान मुलाला आपला बेसूर फारसा खुपत नाही, त्यामुळे ते आनंदाने वाजवत राहते. आपण मात्र 30-40 वर्षे उत्तमोत्तम वादन ऐकलेले असते आणि हात पहिलीच्या वर्गात असतात; पहिली दोन वर्षे हे अंतर रोज टोचत राहते. बहुतेक लोक वाद्य सोडतात ते या टोचणीमुळे, आणि सांगताना मात्र ‘आपल्यात ते नाही’ असे सांगतात. कोणताही आधार न घेता नुसता सूर ऐकून तो कोणता हे अचूक ओळखण्याची क्षमता बहुधा लहानपणीच घडते, हे खरे आहे. मात्र षड्ज, म्हणजे सा, ऐकून त्यापासून इतर स्वरांचे अंतर ओळखणे कोणत्याही वयात शिकता येते, आणि वाद्य वाजवण्यासाठी लागते ते एवढेच.

म्हणूनच वाद्य निवडताना ‘कोणते सोपे’ असे विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक वाद्याची कठीण जागा वेगळी असते आणि वेगवेगळ्या टप्प्यावर येते. त्यांपैकी कोणती आपल्याला सोसेल, हे पाहावे. पेटी, कीबोर्ड आणि पियानो यांवर स्वर तयार मिळतो, त्यामुळे पहिला महिना उत्साहात जातो आणि अडचण पुढे, दोन्ही हातांनी वेगवेगळे काम करण्याची वेळ आली की उभी राहते. व्हायोलिन आणि सरोद यांना पडदे, म्हणजे स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या, नाहीतच. तेथे प्रत्येक स्वर बोटाने शोधावा लागतो आणि बोट केसभर सरकले तरी कानाला कळते. बासरीतून आरंभी नुसती हवा जाते, फुंक जोरात मारत राहिल्याने गरगरतेही, आणि एखादे छिद्र बोटाखाली किंचित उघडे राहिले तर खालचे सूर लागतच नाहीत. बोटे लहान असणाऱ्यांनी लांबलचक बासरीपासून सुरुवात करू नये. गिटारच्या पोलादी तारांनी डाव्या हाताच्या बोटांची टोके दुखतात, नियमित सराव असेल तर काही आठवड्यांत घट्टे पडून ते दुखणे थांबते, परंतु त्यानंतर एकाच बोटाने सर्व तारा दाबण्याचा तो ‘बार कॉर्ड’ येतो आणि तेथे पुष्कळ जण गळतात. सतारीत तार ओढून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, घ्यायची असल्यामुळे बोटाला चर पडते. तबल्यात पहिले काही महिने बोलांचा निकास (धा, तिं यांसारखे आघात वाजवण्याची पद्धत) साफ होण्यातच जातात. शिवाय जमिनीवर मांडी घालून तासभर बसता येते का, हे गुडघ्यांना आधीच विचारून घेतलेले बरे.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: सुमार वाद्यावर शिकणे म्हणजे चुकीच्या वजनाने तोलणे. माझ्या पहिल्या व्हायोलिनच्या खुंट्या घसरत असत. 20 मिनिटांपैकी आठ मिनिटे तारा लावण्यात जात, आणि शेवटच्या तारेपर्यंत पोहोचेस्तोवर पहिली उतरलेली असे. माझा कानच कच्चा आहे असे मी चार महिने धरून चालले होते. शेवटी एका जाणत्या वादकाने ते हाती घेतले, दोन खुंट्या फिरवून पाहिल्या, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) वाजवीपेक्षा उंच असल्याचे दाखवले आणि दोष कानाचा नसल्याचे सांगितले. तेव्हा पहिले वाद्य शक्यतो उसने किंवा भाड्याने घ्यावे, आणि ज्याला ते वाजवता येते अशा माणसाने ते वाजवून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

90 दिवसांची मुदत

एकदा सुरुवात केली की 90 दिवसांपर्यंत ‘चालू ठेवू का’ हा प्रश्न स्वतःला विचारू नये. रोज विचारलेला प्रश्न रोज थोडी शक्ती खातो. या मुदतीत एकच छोटी चाल किंवा एकच अलंकार (सरावाचा स्वरक्रम) निवडावा आणि पहिल्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी मोबाइलवर त्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे. मुद्रण त्याच दिवशी ऐकू नये, कारण त्या दिवशी कानात फक्त चुका भरलेल्या असतात.

माझ्या पहिल्या मुद्रणात एकाच मोकळ्या तारेवर गजाचा, म्हणजे तारांवर फिरवायच्या केस लावलेल्या काडीचा, आठ मात्रांचा लांब ओढा होता. गज खालून वर वळताना प्रत्येक वेळी दार करकरावे तसा आवाज येई, आणि सहाव्या मात्रेनंतर गज संपत आल्यामुळे सूर बारीक होत जाई. साठाव्या दिवशीच्या मुद्रणात ते करकरणे पूर्ण गेलेले नव्हते, पण आठव्या मात्रेपर्यंत सूर एकसारखा भरला होता. रोजच्या सरावात हा फरक मला मुळीच जाणवला नव्हता. उलट, आपण जागेवरच आहोत अशी माझी खात्री होती. प्रगती मोजण्याची याहून प्रामाणिक रीत मला ठाऊक नाही. मुद्रणांत फरक दिसत नसेल, तरी लगेच स्वतःला दोष न देता ती शिकवणाऱ्या व्यक्तीला ऐकवावीत. पुष्कळदा एखादा आवळून धरलेला अंगठा किंवा वर उचललेला खांदा एवढेच कारण निघते.

सोडावेसे वाटते तेव्हा

सर्वप्रथम शरीराचे ऐकावे. बोटांच्या टोकांची हुळहुळ आणि नव्या बैठकीमुळे अंग आंबणे हे चालायचेच. परंतु बोटांत मुंग्या येणे, बधिरपणा, मनगटातील कळ, रात्री झोपमोड करणारे दुखणे किंवा एखादे बोट आपोआप आत वळणे यांपैकी काही होत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जावे. ‘रियाजाने जाईल’ हा सल्ला येथे घातक आहे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांना उजव्या हाताच्या बोटाच्या व्याधीमुळे पियानोवादक होण्याची आशा सोडावी लागली. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात 1960च्या दशकात निकामी झाला, पुढे अनेक वर्षे ते केवळ डाव्या हाताच्या रचना वाजवीत, शिकवीत आणि वाद्यवृंदाचे संचालन करीत राहिले, आणि उपचारांनंतर 1990च्या दशकात पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. जे थोरांच्या हातांना झाले ते आपल्याही हातांना होऊ शकते.

शरीर ठीक असेल तर पुढचा प्रश्न असा की कंटाळा वाद्याचा आहे की त्याच्या भोवतीच्या एखाद्या गोष्टीचा. सहा आठवडे एकच गोष्ट बदलून पाहावी: शिकवणारी व्यक्ती, रियाजाची वेळ, हाती घेतलेली रचना, किंवा एकट्याने वाजवण्याऐवजी कोणाच्या तरी साथीने वाजवणे. यांतील शेवटचा बदल सर्वांत गुणकारी असतो, कारण दुसऱ्यासोबत वाजवताना थांबून चूक दुरुस्त करता येत नाही आणि लय सांभाळत पुढे जावे लागते. सगळे एकदम बदलू नये. मग नेमके कशाने बरे वाटले ते कळत नाही.

एवढे करूनही मन लागत नसेल, तर एक साधी खूण आहे. शिकवणी अचानक रद्द झाली असता पहिल्या क्षणी काय वाटते, ते पाहावे. एखाद्या वेळी सुटल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे, दमलेल्या माणसाला तसे वाटतेच; दर वेळी तसेच वाटत असेल, तर ते उत्तर समजावे. मला तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून दर वेळी हायसे वाटत होते आणि तरीही मी मुकाट्याने जात राहिले, कारण वाद्यावर आणि शिकवणीवर बराच खर्च झाला होता आणि ओळखीच्या सगळ्यांना सांगून बसले होते. झालेला खर्च वाजवत राहिल्याने परत येत नाही. लोकांचे म्हणाल, तर माझे व्हायोलिन बंद झाल्याचे फक्त शेजाऱ्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी सौजन्याने काही विचारले नाही.

सोडायचे ठरले तर ते नीट सोडावे. हाती असलेली रचना पूर्ण करावी, शिकवणाऱ्या व्यक्तीला स्पष्ट सांगावे आणि कॅलेंडरवर तारीख लिहावी. मी यांतले काहीच केले नाही; ‘पुढच्या आठवड्यापासून’ म्हणत पेटारा पलंगाखाली सरकवला आणि 14 महिने त्या पलंगावर अपराधी मनाने झोपले. शेवटी तो उघडला तेव्हा तारा सैल पडून घोडी आडवी झाली होती, आणि गजाचे केस ताणलेलेच ठेवल्यामुळे काडी वाकडी झाली होती, तर बरेचसे केस किड्यांनी कुरतडले होते. काही महिने विश्रांती घ्यायची असेल तर गज सैल करावा, तारा एखाद्या सुराने उतरवाव्यात परंतु पूर्ण ढिल्या करू नयेत, कारण व्हायोलिनच्या आतील आधाराची काडी तारांच्या दाबावरच उभी असते. पेटारा अधूनमधून उघडून उजेड दाखवावा. पेटीचा भाता महिन्यातून एकदा तरी चालवावा.

शिकलेले वाया जात नाही, ही गोष्ट मला पेटीवर बसल्यावर कळली. पहिल्याच आठवड्यात गंधार, म्हणजे ग, थोडा चढा लागतो अशी माझी तक्रार होती आणि पेटी बिघडली आहे असे मला वाटले. ती बिघडलेली नव्हती: सप्तकाचे 12 समान भाग करून लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा, वर असतो. व्हायोलिन हाती घेण्यापूर्वी हा फरक माझ्या कानाला ऐकूही आला नसता.

व्हायोलिनला नवी घोडी बसवून आणि गजाला नवे केस भरून घेऊन मी ते नव्याने शिकू लागलेल्या एका व्यक्तीला दिले. सोबत पेटाऱ्यात एक चिठ्ठी ठेवली: दुसरी खुंटी अजूनही घसरते, तिला थोडा खडू लावावा आणि फिरवताना आत दाबावी.