सँटोरिनीत साडेचार तास: ग्रीक बेटांवर क्रूझमधून उतरताना या चुका टाळा

मुरूडचा जंजिरा पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट फोड करून सांगायला नको. शिडाची होडी किल्ल्याच्या दाराला लागते, नावाडी "पाऊण तासात या" म्हणून बजावतो, आणि आपण त्यातला निम्मा वेळ कलाल बांगडी तोफेपाशी फोटो काढण्यात घालवतो. मग उरलेला किल्ला पळत पळत. क्रूझमधून बेटांवर उतरतानाही अगदी हेच होतं. फरक एवढाच, की होडी हजार-दीड हजार माणसांची असते आणि नावाडी कोणासाठी थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही पाच जण (मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई) अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. मिकोनोस, पॅटमॉस, ऱ्होड्स, क्रीट, सँटोरिनी. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या आम्ही स्वतः केल्या आहेत, उरलेल्या शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी.

पत्रकातले तास खरे धरणे

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिलाच जास्त जागा देते.

आमच्या क्रूझच्या कार्यक्रमपत्रकात सँटोरिनीसमोर लिहिलं होतं: १६:३० ते २१:००. साडेचार तास! मी घरूनच यादी करून नेली होती. इया गाव, निळे घुमट, काळ्या वाळूचा किनारा, सूर्यास्त, वाटेत कुठेतरी कॉफी.

प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. हे बेट म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचा उरलेला काठ. आतला समुद्र इतका खोल, की जहाज मध्येच उभं राहतं आणि स्थानिक लाँच येऊन माणसं उतरवून नेतात. आमचा नंबर लागला पाच वाजून दहा मिनिटांनी. लाँच जिथे सोडते ते जुनं बंदर कड्याच्या पायथ्याशी, आणि फिरा गाव वर, जवळपास सव्वादोनशे मीटरवर. वर जायला तीन वाटा: रोपवे, सहाशेच्या आसपास पायऱ्या किंवा गाढव. रोपवेच्या रांगेतून वर पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते.

आता परतीकडून मोजा. शेवटची लाँच साडेआठला. त्या दिवशी समोर आणखी दोन जहाजं उभी होती आणि त्यांचीही माणसं त्याच रोपवेने उतरणार होती. सव्वासातला रांगेत उभे राहिलो, खाली पोचलो आठ वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे साडेचार तासांपैकी हातात आला दीड तास. इया राहिलं, किनारा राहिला. कॉफी मात्र प्यायलो, कारण सासूबाईंना बसायचं होतं.

म्हणून आता माझा नियम: वेळ उलटी मोजायची. जहाज सुटण्याच्या वेळेतून अर्धा ते एक तास वजा करा, कारण सगळ्यांना त्याआधीच जहाजावर चढावं लागतं. मग धक्क्यापर्यंत परत यायचा वेळ वजा करा, तोही गर्दीतला. मग उतरायला लागलेला. जे उरेल त्यात एकच गोष्ट बसते का ते पाहा. बसत असेल तर तीच करा आणि दुसरीचं नाव काढू नका.

सँटोरिनीत एका दिवशी क्रूझचे ८,००० पेक्षा जास्त प्रवासी येऊ नयेत, अशी मर्यादा २०२५ पासून घातली आहे. तरी ८,००० म्हणजे काही कमी नाही. आपल्या तारखेला बेटावर किती जहाजं आहेत ते बंदरांच्या वेळापत्रकात आधी बघता येतं. हे पाच मिनिटांचं काम हॉटेलची परीक्षणं वाचण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

फोटोत दिसतं तेच गाव हवं, हा हट्ट

इया फिरापासून साधारण ११ किलोमीटर. बस आहे, पण संध्याकाळी ती लोकलसारखी भरते, आणि टॅक्सी मोजक्याच. जूनच्या शेवटी सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमाराला. साडेआठची शेवटची लाँच असेल तर तो सूर्यास्त इयाहून दिसणारच नाही. हे साधं गणित आमच्या जहाजावरच्या कित्येक जणांनी केलं नव्हतं आणि ते बसच्या रांगेतूनच परत आले.

मग काय करावं? जहाज सकाळी पोचत असेल आणि हातात सहा-सात तास असतील, तर इया जरूर करा. जुन्या बंदरातूनच इयाकडे जाणारी बोट आणि तिथून फिराला परत आणणारी बस असं एकत्र तिकीट विकतात. त्यामुळे चढतानाची रोपवेची रांगही चुकते. वेळ कमी असेल तर फिराहून कड्याच्या काठाने फिरोस्तेफानीकडे चालत जा. पंधरा-वीस मिनिटांची वाट. घरं तशीच पांढरी, समुद्र तोच, आणि गर्दी निम्म्याहून कमी. मला विचाराल तर दृश्य इथूनच जास्त मोकळं दिसतं, पण हे इन्स्टाग्रामवाल्या भाचीला पटलेलं नाही.

काळ्या वाळूचे किनारे, म्हणजे कामारी आणि पेरिसा, बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहेत. फिराहून खाली दिसणाऱ्या समुद्रात डुंबायचं म्हणाल तर तिथे नुसता कडा आहे.

गाढवावर बसू नका. पायऱ्या दगडी, गुळगुळीत आणि शेणाने निसरड्या झालेल्या. जनावरावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार घालायला ग्रीसमध्ये २०१८ पासून बंदी आहे. ही बंदी का आणावी लागली असेल, ते त्या गाढवांकडे एकदा नीट पाहिलं की समजतं.

जहाजाची सहल सरसकट घेणे, किंवा सरसकट नाकारणे

आपल्याकडे दोन पक्ष असतात. एक म्हणतो, "जहाजवाल्यांचीच घ्या, सुरक्षित." दुसरा म्हणतो, "तिप्पट पैसे घेतात, आपण आपलं फिरू." दोघांचंही अर्धंच खरं. प्रत्येक बंदराला उत्तर वेगळं असतं.

ऱ्होड्सला जहाज जुन्या शहराच्या तटबंदीजवळच लागतं. दहा मिनिटं चाललात की दरवाजातून आत. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या एका संघाने, १३०९ ते १५२२ इथे राज्य केलं. त्यांची वसतिगृहं असलेली ती दगडी गल्ली, महालाचे बुरुज, खंदक, सगळं पायी होतं. इथे शहरदर्शनाच्या सहलीला पैसे घालणं म्हणजे दादरला उतरून शिवाजी पार्कला जायला टूर घेणं. मात्र लिंडोस ५० किलोमीटरवर आहे, वर भर उन्हात चढण. तिथे जायचं असेल तर जहाजाची सहल घ्या. ती परत यायला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

लिंडोस आणि जुनं शहर दोन्ही एका थांब्यात करणं म्हणजे अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात उरकण्यासारखं. उरकतं, पण नंतर घरी फोटो बघताना कुठलं कुठे ते आठवत नाही.

आणि तो प्रसिद्ध महाकाय पुतळा, प्राचीन सात आश्चर्यांपैकी एक असलेला कोलोसस, शोधत फिरू नका. तो इसवी सनापूर्वी २२६ च्या भूकंपात पडला. बंदराच्या तोंडाशी आता दोन खांबांवर हरणं उभी आहेत. आमच्या मुलाने त्यांनाच पुतळा समजून अर्धा तास फोटो काढले.

सँटोरिनीला मात्र जहाजाच्या सहलीचा एक फायदा आहे: ती माणसं लाँचने अथिनिओस या दुसऱ्या बंदरावर उतरवतात आणि तिथून बसने थेट वर. पण बहुतेक सहली शेवटी फिरात सोडतात, आणि खाली यायची रांग तुमची तुम्हीच लावायची असते. हे सहलीच्या वर्णनात बारीक अक्षरात असतं. परतीचं रोपवेचं तिकीट धरून आहे का, ते आधीच विचारा.

क्रीटला नोसॉस की संग्रहालय?

क्रीटच्या इराक्लिओ बंदरापासून नोसॉसचा राजवाडा पाच किलोमीटर. तो मिनोअन, म्हणजे क्रीटवरच्या कांस्ययुगीन संस्कृतीचा. शहराची साधी बस जाते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने १९०० मध्ये इथे खोदकाम सुरू केलं आणि पुढे काँक्रीट वापरून बरंच बांधूनही काढलं. तिथे भिंतींवर दिसणारी चित्रं प्रती आहेत. बैलावरून उडी मारणाऱ्या तरुणाचं मूळ चित्र, सापधारी देवी, फायस्तोसची मातीची तबकडी हे सगळं शहरातल्या संग्रहालयात, बंदरापासून चालत वीसेक मिनिटांवर.

चार तासांच्या थांब्यात दोन्ही करायला गेलात तर एकाला न्याय मिळणार नाही. ऊन असेल, सोबत म्हातारं माणूस असेल, तर संग्रहालय निवडा. सावली, बाक, स्वच्छतागृह आणि खऱ्या वस्तू. मुलांना मिनोटॉरची, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बैल असलेल्या राक्षसाची, गोष्ट सांगून नेलं असेल तर नोसॉसच पाहिजे, नाहीतर ती बंड करतील. सुट्टीचा वार मात्र बघून जा. आपल्या घारापुरीच्या लेण्यांना सोमवारी सुट्टी असते आणि तरी दर सोमवारी कोणीतरी गेटवेला येऊन परत फिरतंच.

संध्याकाळच्या मिकोनोसला दिवसाची योजना लावणे

छोट्या क्रूझ मिकोनोसला बहुधा संध्याकाळी थांबतात. आमची सहा ते अकरा. त्यात कोणी दूरच्या किनाऱ्यांवर पळतं, कोणी "डेलॉस बघू" म्हणतं. डेलॉस म्हणजे ग्रीक देव अपोलोचं जन्मस्थान मानलेलं, निर्मनुष्य अवशेषांचं बेट. मिकोनोसच्या जुन्या बंदरातून बोटीने अर्धा तास. पण तो दिवसाचा कार्यक्रम आहे. सहाला उतरलेल्याने त्याचं नाव काढू नये. सकाळी पोचणारं जहाज असेल तर मात्र मी मिकोनोसची सगळी दुकानं सोडून डेलॉसलाच जाईन. टोपी आणि पाणी घेऊन, कारण तिथे सावली जवळजवळ नाहीच.

संध्याकाळी फक्त गावात फिरा. पवनचक्क्या, पाण्यात पाय सोडून बसलेली ती घरं, पाच चर्च एकमेकांत मिसळून झालेलं पांढरं पारापोर्तियानी. गल्ल्यांत हरवायला होतंच. समुद्र कुठल्या बाजूला ते लक्षात ठेवलं की सापडतं. जहाज लागतं ते नवं बंदर गावापासून दोनेक किलोमीटर. रस्ता अरुंद, पदपथ नाही. छोटी फेरीबोट घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. जोर जास्त असेल तर कप्तान थांबाच गाळतो. अशा वेळी जहाजाच्या सहलीचे पैसे सहसा परत मिळतात. बाहेरून घेतलेल्या सहलीची अट आधी वाचून ठेवा.

लहान वाटणाऱ्या, पण घोडं अडवणाऱ्या चुका

पॅटमॉसला १०८८ मध्ये स्थापन झालेला सेंट जॉनचा मठ आहे. आखूड चड्डी आणि उघडे खांदे चालत नाहीत. एक ओढणी पिशवीत असू द्या. मठ दुपारी बंदही असतो.

फोन: ऱ्होड्सहून तुर्कस्तानचा किनारा समोर दिसतो. फोन गुपचूप तिकडचं नेटवर्क पकडतो आणि तुमचा रोमिंग पॅक फक्त ग्रीसचा असेल तर बिल फुगतं. हिवाळी वेळ लागली की दोन्ही देशांत एक तासाचा फरकही पडतो. वेळ जहाजाचीच पाळा; ती हातातल्या घड्याळात लावा, फोनवर विसंबू नका.

स्कूटर किंवा चारचाकी एटीव्ही भाड्याने घ्यायची असेल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून निघण्यापूर्वीच काढावा लागतो. तीन तासांच्या थांब्यासाठी मी तो खटाटोप करणार नाही.

जेवण: शाकाहारी मंडळी घाबरून जहाजावर परत जाऊन जेवतात आणि तास घालवतात. गरज नाही. सँटोरिनीचा 'फावा' म्हणजे चक्क घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. ती डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीची जवळची नातेवाईक. पालकाची स्पानाकोपिता, भाताने भरलेले टोमॅटो मिळतात; टोमॅटोत खिमा नाही ना, ते विचारा. 'होरिस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. 'निस्तिसिमो' म्हणजे उपवासाचं, पण त्यांच्या उपवासाला शिंपले आणि ऑक्टोपस चालतात, तेव्हा जपून.

गडबड झालीच तर

रोपवेची रांग हलत नाही: पायऱ्यांनी उतरा. गुडघे ठीक असतील तर अर्ध्या तासात खाली. घसरणार नाहीत असे बूट हवेत, म्हणून सँटोरिनीला चपला घालून जाऊ नका. सोबत ज्येष्ठ असतील तर त्यांच्याबरोबर एकाला शेवटच्या लाँचच्या दीड तास आधीच रांगेत धाडा.

उशीर होतोय हे कळलं: रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. जहाजावरून उतरतानाच त्या नंबराचा फोटो काढून ठेवा आणि उशीर होतोय असं दिसताच फोन करा. जहाज सुटलंच तर पुढच्या बंदराला फेरीने गाठायची सोय स्वखर्चाने करावी लागते, आणि पासपोर्ट जहाजावर असेल तर अडचण दुप्पट. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत अंगावर ठेवा, शिवाय एक कार्ड आणि थोडे युरो.

घरातलं कोणी थकलं: सगळ्यांनी परत फिरू नका. ऱ्होड्सला सासूबाई तटाच्या सावलीत एका कॅफेत दोन तास बसल्या, तिथल्या आजीबाईंशी खुणांनी गप्पा मारल्या आणि विणकामाचा नमुना शिकून आल्या. आम्ही तेवढ्यात महाल पाहिला.

सँटोरिनीचा सूर्यास्त आम्हाला शेवटी जहाजाच्या वरच्या डेकवरून दिसला. कड्यावरची पांढरी घरं आधी पिवळी झाली, मग गुलाबी. डेक जवळजवळ रिकामा होता, कारण बरीच माणसं अजून रोपवेच्या रांगेत होती.