पेठ ओळखण्याचा खेळ लवकर संपवण्याची युक्ती

गप्पांत पुण्याच्या पेठांचा ‘मनातली पेठ ओळखा’ हा खेळ रंगला की जो तो सुचेल ते नाव पुकारत राहतो आणि एकाच नावात अर्धा तास जातो. त्याऐवजी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल आणि उरलेली नावे दर वेळी साधारण निम्मी होतील, असे प्रश्न विचारावेत. प्रथम पेठेला वाराचे नाव आहे का, हे विचारावे. उत्तर ‘हो’ आल्यास, पुण्यात सातही वारांच्या पेठा असल्यामुळे, ती रविवार ते बुधवार यांपैकी आहे का, असे विचारले की जास्तीत जास्त चार नावे उरतात आणि आणखी दोन प्रश्नांत निकाल लागतो. (६४ नावांनाही असे ६ प्रश्न पुरतात.) मात्र सध्याचेच नाव धरायचे, हे आधी ठरवावे, गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती, यावरून पुणेकर हमखास वाद घालतो.